तुंबलेले एंटर

मी स्वभावाने शांत माणूस आहे. हे माझं मत आहे. घरात ते दुसऱ्या कुणाचं नाही, पण ऑफिसात तरी बावीस वर्षांत माझा आवाज चढलेला कुणी ऐकलेला नाही. त्यामुळे कंपनीच्या कागदावर, कंपनीच्या चिन्हाखाली, 'हल की रे ठोंब्या' हे शब्द छापून एका मोठ्या दवाखान्याच्या विश्वस्तांकडे गेले आणि ते मीच लिहिले होते असं सिद्ध झालं, तेव्हा सगळ्यांत जास्त धक्का मला बसला.

आमची कंपनी लिफ्ट बसवते आणि बसवलेल्या लिफ्टची देखभाल करते. मी देखभाल विभागात आहे. म्हणजे हातात पाना घेऊन नव्हे. मी पत्रं पाठवतो. दर सहा महिन्यांनी दोनशे चौदा इमारतींना कळवायचं, की अमुक तारखेला अमुक वाजता आमचा माणूस आपली लिफ्ट तपासायला येईल, तोपर्यंत कृपया जिने वापरावेत. एवढंच. पण हे एवढंच ज्या प्रोग्रॅममधून निघतं तो प्रोग्रॅम माझ्याही आधी कंपनीत लागला आणि अजून रिटायर व्हायचं नाव घेत नाही. माऊस त्याला कळत नाही. काळ्या पडद्यावर तो एकेक प्रश्न विचारतो. ग्राहक क्रमांक? तारीख? वेळ? येणाऱ्याचं नाव? शेरा? छापायचं का? प्रत्येक उत्तराला एक एंटर, आणि प्रत्येक एंटरनंतर साहेबांना रजेचा अर्ज दिल्यावर साहेब जितका वेळ गप्प बसतात तितका वेळ हा गप्प.

यावर आमच्या ऑफिसने फार पूर्वीच एक उपाय काढलेला आहे. त्याला आम्ही 'पुढचं टायपून ठेवणं' म्हणतो. प्रोग्रॅम प्रश्न विचारेपर्यंत थांबायचंच नाही. प्रश्न ठरलेले, क्रम ठरलेला, मग वाट कशाला बघायची? उत्तरं आधीच टायपून मोकळं व्हायचं. ती कीबोर्डच्या पोटात कुठेतरी जाऊन बसतात आणि प्रोग्रॅमला जसजशी शुद्ध येते तसतशी तो उचलत जातो. आमच्या टंकलेखिका काकू (टाइपरायटर गेला, पद राहिलं) पूर्ण तीन पत्रांची उत्तरं पडद्याकडे न बघता टायपतात, उठून पाण्याची बाटली भरून आणतात, आणि परत येतात तेव्हा प्रोग्रॅम पहिल्या पत्राच्या तारखेवर असतो. नवीन माणूस नोकरीला लागला की त्याला आधी हे शिकवतात, मग टॉयलेट कुठे आहे ते सांगतात. आमच्याकडे प्रश्नाची वाट बघत बसलेला माणूस मंद समजला जातो.

आता मूळ भानगड. माझी बायको एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवत होती. शुक्रवारी चार वाजता तिचा निरोपसमारंभ. आणि वेळेवर पोचणं हा माझा प्रांत नाही. मी माझ्या स्वतःच्या लग्नाला पाऊण तास उशिरा गेलो होतो. त्यात माझी चूक नव्हती, पण ते सांगायला गेलं की ती अजूनही नुसती खिडकीबाहेर बघते. तेव्हा या वेळी मी दोन आठवडे आधीच साहेबांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. साहेब म्हणाले, "घ्या की. शुक्रवारपर्यंत दोनशे चौदा पत्रं रवाना करा आणि घ्या." मागच्या खेपेला मला आठ दिवस लागले होते. आणि यादी तयार होऊन माझ्या हातात आली तेव्हा उरले होते पाच.

माझा मेहुणा संगणकाच्या धंद्यात आहे. दुसऱ्या शहरात असतो, त्यामुळे आमचे संबंध चांगले आहेत. तो फोनवर म्हणाला, "भाऊजी, अहो हाताने कसली बटणं दाबताय? एक स्क्रिप्ट लिहा. ती तुमच्या यादीतून एकेक इमारत उचलेल आणि तुमच्या वतीने बटणं दाबेल. तुम्ही हाताची घडी घालून बसा."

हाताची घडी हा शब्द मला फार आवडला. रविवारी सकाळी मी घरच्या संगणकावर बसलो. तो सांगत होता, मी लिहीत होतो, कानाला फोन, खांद्याने दाबलेला. त्याच वेळी बायको दारात येऊन उभी राहिली.

"अहो, ऐकताय ना?"

"हो."

"शुक्रवारी चारला."

"हो हो."

"मोठ्या बाई म्हणत होत्या..."

"हो गं, हो."

ती आणखीही काही बोलली. मी त्यालाही हो म्हणालो. ती जरा वेळ थांबली आणि गेली. माझी स्क्रिप्ट चौदाव्या ओळीवर आली होती.

सोमवारी कळलं की अशी स्क्रिप्ट ऑफिसच्या संगणकावर चढवायची तर संगणक विभागाची परवानगी लागते. हा विभाग म्हणजे एक खोली आणि एक माणूस. त्याला सगळे 'तिकीट' म्हणतात, कारण त्याच्याशी काहीही बोला, तो मान वर न करता "तिकीट टाका" म्हणतो. तिकीट म्हणजे तक्रारीचा किंवा विनंतीचा अर्ज. मी टाकला. त्यात एक रकाना होता: या कामामुळे कोणाची नोकरी जाण्याचा संभव आहे काय? मी 'नाही' लिहिलं. अर्ज परत आला. कारण पुरेसं नाही म्हणे. दुसऱ्या खेपेला मी वैतागून 'बहुतेक माझी' असं लिहिलं. तो दहा मिनिटांत मंजूर झाला.

मंगळवारी सकाळी स्क्रिप्ट सुरू केली. अहाहा! पडद्यावर आपोआप आकडे उमटतायत, तारखा उमटतायत, छापायचं का, हो, खर्रकन पत्र बाहेर. मी खरोखरच हाताची घडी घातली. अर्धा विभाग माझ्या खुर्चीमागे जमला. काकू तेवढ्या आल्या नाहीत. त्या आपल्या जागेवरून म्हणाल्या, "चाललंय तोवर चालेल."

बारा पत्रं झाली आणि तेराव्याला प्रोग्रॅम थिजला. 'शेरा?' असं विचारून गप्प. मागच्या मंडळींपैकी एकजण म्हणाला एंटर दाबा, दुसरा म्हणाला दोनदा दाबा, तिसरा म्हणाला मी तर आधीच म्हणालो होतो. काय म्हणाला होता ते त्यालाही आठवलं नाही. मग चहा आला आणि मंडळी जशी जमली तशी पांगली. मी आणि तो काळा पडदा, दोघेच उरलो. मी पाच मिनिटं त्याच्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं. आणि मग, मी शांत माणूस आहे हे पुन्हा सांगतो, मी कीबोर्डवर 'हल की रे ठोंब्या' असं टायपलं. पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही. म्हणून जोर येण्यासाठी दहाबारा वेळा एंटर दाबला आणि चहाला गेलो. परत येतो तर गडी पळतोय! ऐंशीच्या वर पत्रं बाहेर पडली होती. मला वाटलं, चहाने काम केलं. रवाना विभागाने ती पाकिटात भरून दुपारच्या टपालात टाकलीसुद्धा. काही तर जवळच्या इमारती म्हणून हातोहात पोचवली.

बुधवारी दहाला साहेबांनी आत बोलावलं. त्यांच्या हातात एक पत्र होतं.

"हे वाचा," ते म्हणाले, आणि मी हात पुढे करायच्या आत स्वतःच वाचलं, बाहेर ऐकू जाईल असं. "आपल्या इमारतीतील लिफ्टची तपासणी बारा तारखेला होईल. शेरा. हल की रे ठोंब्या."

मी मागचं दार लोटून घेतलं.

"विश्वस्तांचा फोन होता. मागच्या महिन्यात त्यांची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती. आत कोण होतं माहीत आहे? ते स्वतः. ते म्हणतात, ठोंब्या म्हणजे लिफ्ट की मी, एवढं लेखी कळवा."

मी खुलासा केला, की सदर उद्गार लिफ्टला नव्हता, विश्वस्तांना तर नव्हताच, तो संगणकाला होता. साहेब म्हणाले, हेच लिहून द्या. मी लिहून दिलं. त्यांनी त्यातला 'उद्गार' खोडून 'मजकूर' केलं, मग 'मजकूर' खोडून 'उद्गार' केलं. तेवढ्यात फोन वाजला. कुठल्यातरी सोसायटीचे सेक्रेटरी होते.

"तुमचं पत्र आलंय. तारीख नाही, वेळ नाही, कोण येणार ते नाही. फक्त कृपया जिने वापरावेत एवढं आहे. आम्ही कालपासून वापरतोय. कधीपर्यंत वापरायचे?"

माझे ते जोर येण्यासाठी दाबलेले एंटर कुठे गेले हे तेव्हा कळलं. त्यांनी पुढच्या पत्राचे, ग्राहक क्रमांक सोडून, सगळे रकाने कोरे सोडून दिले होते. सात मजल्यांची इमारत होती हो ती. साहेबांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "शुक्रवारच्या रजेचं आपण शुक्रवारी बघू."

संध्याकाळी घरी आलो तर समोरच्या फ्लॅटमधले आले. हे टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आहेत आणि तारेला जोडलेली कुठलीही वस्तू आपल्या अखत्यारीत येते असं त्यांना वाटतं. सगळं ऐकून ते म्हणाले, "कचरा. कीबोर्डात कचरा साचतो, आणि बटणं आत अडकून बसतात. उलटा करा आणि झटका."

"अहो, तो ऑफिसचा आहे, इथे नाही."

"घरचा झटका. सवय होईल."

काय बुद्धी झाली कोण जाणे, मी झटकला. बिस्किटाचा चुरा पडला, स्टेपलरची पिन पडली, आणि 'म' हे बटण पडलं. ते सोफ्याखाली गेलं ते अजून सापडलेलं नाही. समोरच्यांनी चहा संपवला, "एका अक्षराने काही अडत नाही" म्हणाले, आणि गेले. जाताना माझ्या बायकोला म्हणाले, "यांना जरा विश्रांतीची गरज आहे." ती म्हणाली, "यांना?"

गुरुवारी मी शपथ घेतली होती, की काहीही झालं तरी कीबोर्डवर एक अक्षर टायपायचं नाही. उरलेली सव्वाशे पत्रं. स्क्रिप्ट सुरू केली, दहा झाली, वीस झाली, आणि पुन्हा थिजला. मी शपथ पाळली. मी फक्त एंटर दाबला. सात-आठ वेळा असेल. एंटर म्हणजे काही शिवी नाही, त्यातून कुणी काही अर्थ काढू शकत नाही, असा माझा सरळ विचार. प्रोग्रॅम जागा झाला. पडद्यावर काहीतरी झळकलं, मी चष्मा सावरेपर्यंत गेलं, आणि खाली ओळ आली: यादीतील इमारती, शून्य.

मी तीनदा वाचलं. शून्यच होतं. काकूंनी दोन आठवडे फोन करकरून एकेका इमारतीशी ठरवलेल्या तारखा, वेळा, सगळं साफ. मी धावत तिकीटकडे गेलो.

"यादी परत आणता येईल?"

"येईल. तिकीट टाका. सात दिवस."

"अहो, सात दिवस कसे चालतील? आणि मी पुसलेली नाही ती!"

त्याने पहिल्यांदाच मान वर केली आणि पडदा माझ्याकडे वळवला. "इथे नोंद आहे. प्रोग्रॅमने विचारलं: यादी बिघडलेली दिसते, पूर्ण पुसून नव्याने सुरू करायची का? हो असल्यास एंटर. तुम्ही हो म्हणालात."

"कधी म्हणालो?"

"अकरा एकतीसला."

"आणि त्याने विचारलं कधी?"

त्याने खाली बघितलं. पुन्हा बघितलं. "अकरा बत्तीसला."

"म्हणजे त्याने विचारायच्या आधी मी हो म्हणालो?"

"नोंदीप्रमाणे तसंच दिसतंय," तो म्हणाला. "हवं तर त्याचं वेगळं तिकीट टाका."

त्या संध्याकाळी बायको माझा पांढरा शर्ट इस्त्री करत होती. मी खुर्चीत. उद्याची रजा गेल्यातच जमा होती आणि ते तिला कसं सांगायचं याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. ती कॉलरवरून इस्त्री फिरवत म्हणाली, "दोन शब्द तयार केलेत ना?"

"कसले दोन शब्द?"

इस्त्री थांबली. "मोठ्या बाई तुम्हाला बोलायला सांगणार आहेत. घरच्यांतर्फे. मी रविवारी विचारलं होतं."

"मला? तू मला विचारलंसच नाहीस!"

"विचारत होते. माझं विचारून व्हायच्या आधीच तुम्ही हो म्हणालात."

मला एकदम अकरा एकतीस आणि अकरा बत्तीस आठवलं. पण ते सांगायची ही वेळ नव्हती. मी रजेचं सांगितलं. यादी, शून्य, तिकीट, सगळं. मला वाटलं ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. तिने शर्ट हँगरला लावला, वरचं बटण घातलं आणि म्हणाली, "नाही जमणार असेल तर आत्ता सांगा. मी मोठ्या बाईंना कळवते. एकतीस वर्षं शाळेच्या प्रत्येक कार्यक्रमाला मी शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून जागा अडवलीय. कुणी विचारलं की सांगते, येतायत. उद्या मला ती पर्स ठेवायची नाही."

मी तोंड उघडलं. 'हो येतो' अगदी ओठावर आलं होतं. पण ते त्याआधी किती वेळा म्हणून झालं होतं ते आठवलं आणि मी गप्प बसलो. ती स्वयंपाकघरात गेली.

शुक्रवारी सकाळी सातला मेहुण्याला उठवलं. त्याने सगळं ऐकलं आणि हसला. माणसाने मेहुण्याला कधी सकाळी फोन करू नये.

"भाऊजी, साधं आहे हो. तुम्ही दाबलेली बटणं जात नाहीत कुठे. प्रोग्रॅम अडकलेला असला तरी ती रांगेत साचतात. मग तो पुढचा जो प्रश्न विचारेल, त्याला तेच शिळं उत्तर मिळतं. प्रश्न विचारायच्या आधी ती साचलेली बटणं रिकामी करायची. एक ओळ आहे. रांगेत एकही बटण शिल्लक आहे तोवर उचल आणि टाकून दे. मग विचार. मग थांब."

"टाकून दे म्हणजे ती जातात कुठे?"

"कुठेच नाही. ती गेली. जाऊ द्यायची."

मी ओळ कागदावर उतरवून घेतली आणि ऑफिस उघडायच्या आधी पोचलो. दारात काकू उभ्या होत्या, हातात एक लांबट वही.

"यादी गेली म्हणे," त्या म्हणाल्या. "मला ठाऊक होतं कधीतरी जाणार. माझ्या वहीत सगळ्या तारखा आहेत. बसा, वाचा. मी टायपते."

मी वाचत गेलो, त्या टायपत गेल्या, पडद्याकडे न बघता, नेहमीप्रमाणे पंधरा-वीस इमारती पुढे. मला गहिवरून आलं आणि मी त्यांना तसं सांगितलंही. त्या म्हणाल्या, "चौऱ्याऐंशी वाचून झाली. पंच्याऐंशी वाचा." साडेअकराला यादी उभी राहिली.

साहेबांनी अट घातली: छापण्याआधी स्क्रिप्टने विचारलं पाहिजे, आणि हो मी स्वतः म्हणणार. रास्त होतं. मी स्क्रिप्टमध्ये प्रश्न घातला, मेहुण्याची ती एक ओळ घातली, आणि साहेबांना माझ्या खुर्चीत बसवलं. पडद्यावर आलं: यादी बरोबर आहे, छापू का? साहेबांनी एंटर दाबला. पडदा म्हणाला: यादी बरोबर आहे, छापू का? साहेबांनी पुन्हा दाबला. पुन्हा तोच प्रश्न. साहेब दाबतायत, तो विचारतोय. सारा विभाग मान खाली घालून कामात गढल्याचं दाखवत होता. तेराव्या वेळी साहेब म्हणाले, "हा माझं ऐकत का नाही?" घड्याळात दीड वाजला होता.

काकू मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझा कागद बघितला, पडदा बघितला. "ती टाकून द्यायची ओळ कुठे घातलीत?"

"ही काय. प्रश्नाच्या खाली."

"म्हणजे त्याने विचारायचं, साहेबांनी उत्तर द्यायचं, आणि मग ते फेकायचं? अहो, जेवण वाढून झाल्यावर ताट धुताय तुम्ही."

मी ती ओळ उचलून एक घर वर नेली. आता आधी रिकामं, मग प्रश्न. साहेबांनी एकदा, फक्त एकदा, एंटर दाबला, आणि खर्रकन पहिलं पत्र बाहेर आलं. मग दुसरं. मध्येच प्रोग्रॅम थिजला, तेव्हा मी दोन्ही हात स्वतःच्या मांडीखाली घालून बसलो. तो आपोआप जागा झाला. पावणेतीनला शेवटचं पत्र निघालं. साहेबांनी एकूण एक पत्राचा शेरा वाचला, सगळीकडे कोरा होता, आणि माझ्या अर्जावर सही केली.

मी पळत लिफ्टशी आलो. दारावर पाटी: तपासणी चालू आहे, कृपया जिने वापरावेत. आमची स्वतःची इमारतही यादीत आहे हे मी विसरलो होतो. ते पत्र मंगळवारी मीच पाठवलं होतं, तारीख-वेळेसकट, अगदी बिनचूक. सहा मजले उतरलो.

चारला पाच कमी असताना मी शाळेच्या सभागृहाच्या दारात होतो, घामाने भिजलेला, पांढरा शर्ट पाठीला चिकटलेला. पुढच्या रांगेत बायको बसली होती. तिच्या शेजारच्या खुर्चीवर पर्स होती. ठेवायची नाही म्हणाली होती, तरी ठेवली होती. मी जवळ गेलो. तिने वर बघितलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं आणि पर्स उचलून मांडीवर घेतली.

भाषणं झाली. शाळेने तिला एक पृथ्वीचा गोल दिला, असे तिच्याकडे आधीच दोन आहेत. मग मोठ्या बाई माइकवर म्हणाल्या, "आता घरच्यांतर्फे दोन शब्द."

मी उभा राहिलो. माइकसमोर गेलो. आणि तोंड उघडणार तोच लक्षात आलं, की तोंडापर्यंत आठवडाभराचं सगळं येऊन तुंबलंय. विश्वस्त, जिने, तिकीट, सोफ्याखालचा 'म', सकाळी हसलेला मेहुणा. त्यातलं पहिलं जे बाहेर पडलं असतं ते 'ठोंब्या' होतं, याबद्दल मला शंका नाही. मी थांबलो. एकेक उचललं आणि टाकून दिलं. त्याला बराच वेळ लागला. सभागृह शांत झालं. कुणीतरी पाण्याचा ग्लास आणून ठेवला. मागे एक बाई दुसरीला म्हणाली, "भरून आलं हो त्यांना."

"मला भाषण येत नाही," मी म्हणालो. "एकतीस वर्षं ही रोज या शाळेतून घरी आली. मी रोज विचारत असेन, कसा गेला दिवस. पण ती सांगायच्या आधीच मी बरं बरं म्हणून मोकळा झालेला असणार. म्हणजे मला काहीच माहीत नाही हो. तेव्हा आज विचारतो." मी तिच्याकडे वळलो. "कशी गेली गं एकतीस वर्षं?"

आणि थांबलो. मध्ये काही बोललो नाही. ती पर्सच्या पट्ट्याशी खेळत राहिली. तिचे डोळे भरले होते, ते तिने पुसले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा तिच्या वर्गातल्या आवाजात म्हणाली, "घरी चला, सांगते. वेळ लागेल."

सभागृह हसलं. आम्ही बसने घरी आलो. गोल मी मांडीवर धरला होता.

याला आता तीन आठवडे झाले. रोज संध्याकाळी चहा घेऊन ती बाल्कनीत बसते आणि सांगते. नोकरीचा पहिला दिवस, पहिला वर्ग, नकाशा उलटा टांगला गेला तो किस्सा, त्या वेळच्या मोठ्या बाईंची खाल्लेली पहिली बोलणी. सांगताना तिचा चेहरा कसा होतो ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. कालपर्यंत ती सहाव्या वर्षात पोचली होती.

काल समोरच्यांनी दारातून हाक मारली, माझं लक्ष गेलं, आणि माझ्या तोंडून मधेच "हो हो" निघून गेलं. तिने कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं. आणि नोकरीच्या पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरुवात केली.